जखमेवरची पाणीदार शीट: पहिल्यांदा हायड्रोजेल ओतणाऱ्यांसाठी

माझ्या डाव्या मनगटावर एक फिकट डाग आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे ९० अंशांवरचे द्रावण साच्यात ओतताना बीकर निसटला आणि ते दाट, चिकट द्रावण हातावर सांडले. नुसते पाणी असते तर ओघळून गेले असते, हे तिथेच बसून राहिले. २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धरला, मग त्यावर कोरडी गॉज बांधली गेली. तिसऱ्या दिवशी ती सोडवताना स्राव धाग्यांत वाळून पक्का बसला होता. पट्टी उचलली तसा खालचा नुकताच आलेला गुलाबी पापुद्रा तिच्याबरोबर निघून आला आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर गेली. तोवर ‘न चिकटणे’ हा माझ्या वहीतला एक रकाना होता. त्यानंतर मी प्रत्येक शीट ओतताना तो रकाना आधी भरते.

जखम आणि त्वचा यांसाठी हायड्रोजेल बनवायला जे पहिल्यांदाच प्रयोगशाळेत उभे राहत आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आधीच स्पष्ट सांगते: इथे सांगितलेली कोणतीही शीट कोणाच्याही जखमेवर लावायची नाही, स्वतःच्याही नाही. प्रयोगशाळेतली शीट आणि माणसाच्या अंगावर लावण्याजोगी शीट यांच्यामध्ये निर्जंतुकीकरण, विषारीपणाच्या चाचण्या आणि परवानग्या यांची लांब वाट आहे, आणि ती असायलाच हवी.

आधी ठरवा: चिकटायचे की नाही

जखम कोरडी ठेवली की खपली धरते आणि लवकर भरते, असे बराच काळ धरून चालले होते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या अंगावर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथिनच्या पातळ फिल्मखाली झाकल्या. झाकलेल्या ओलसर जखमांवर बाह्यत्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. कारण समजायला सोपे आहे. त्वचेच्या पेशी कडेकडून आत सरकत येतात. वर कडक खपली असेल तर त्यांना तिच्याखालून, आणखी खोल जाऊन, ओलावा शोधत वाट काढावी लागते. पृष्ठभाग ओला असेल तर त्या सरळ पुढे जातात.

हायड्रोजेल म्हणजे पाण्याला धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. वजनातले ७० ते ९० टक्के पाणीच असते, पण जाळ्याच्या गाठी पक्क्या असल्यामुळे ते विरघळत नाही, फक्त फुगते. १९६० साली ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी असे जेल शरीरात वापरता येईल हे मांडले आणि त्यातूनच पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. जखमेवर हे पाणी दोन कामे करते: कोरड्या, मेलेल्या ऊतीला भिजवून सुटी करते आणि भाजलेल्या जागेला गारवा देते.

पण ‘जखमेसाठी हायड्रोजेल’ या एका नावाखाली दोन अगदी उलट वस्तू येतात. पहिली म्हणजे ड्रेसिंग: काही दिवस जखमेवर बसायचे आणि काहीही न उपटता सुटून यायचे. पेशी त्याला चिकटता कामा नयेत. दुसरी म्हणजे त्वचा वाढवण्यासाठीचा पाया: पेशींनी त्यात शिरायचे, त्याला धरायचे, ते हळूहळू खाऊन टाकायचे आणि त्याच्या जागी स्वतःचे कोलॅजेन विणायचे. इथे पेशी चिकटल्या नाहीत तर सगळे फुकट. नवे विद्यार्थी दोन्ही गुण एकाच शीटमध्ये आणू पाहतात आणि सहा महिने घालवतात. एकच निवडा. मी सुरुवात नेहमी पहिल्या प्रकाराने करायला लावते, कारण त्यात पेशी नसतात आणि चूक झाली तर फक्त पाणी आणि पावडर वाया जाते.

पहिली शीट: गोठवा, वितळवा

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घ्या. लॅबमध्ये सगळे पीव्हीए म्हणतात, मीही तेच म्हणेन. डब्यावरचे दोन आकडे वाचा. हायड्रोलिसिस, म्हणजे साखळीवरचे अ‍ॅसिटेटचे किती गट काढून टाकले आहेत तो आकडा, ९८ ते ९९ टक्के हवा, आणि रेणुभार साधारण ८५ हजार ते १ लाख २५ हजार या टप्प्यात. ८७ ते ८९ टक्क्यांचे पीव्हीए शेजारच्याच कपाटात असते आणि पाण्यात भराभर विरघळते म्हणून हात तिकडे जातो. त्याची शीट नीट धरत नाही. त्याच्या साखळ्यांवर उरलेले अ‍ॅसिटेटचे गट साखळ्यांना एकमेकींना लागून बसू देत नाहीत, आणि या जेलचा सगळा डोलारा त्या लागून बसण्यावरच उभा आहे.

१० ग्रॅम पावडर, ९० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी. पाणी थंड असताना मॅग्नेटिक स्टरर सुरू करा आणि पावडर चिमटीचिमटीने भुरभुरवा. गरम पाण्यात टाकली की दाण्याचे कवच लगेच फुगते आणि आतला भाग कोरडाच राहतो. मग माशाच्या डोळ्यांसारख्या पारदर्शक गुठळ्या होतात, त्या तासन्‌तास हलत नाहीत. थंड पाण्यात अर्धा तास मुरू द्या. मग बीकरवर झाकण ठेवून वॉटर बाथमध्ये ९० ते ९५ अंशांपर्यंत न्या आणि दोन-तीन तास तिथेच धरा. सुरुवातीला बीकरसह वजन करून ठेवलेले असू द्या. शेवटी पुन्हा वजन करा आणि उडून गेलेले पाणी गरम पाण्यानेच भरून काढा. हे कोणी सांगत नाही, आणि मग १० टक्क्यांचे द्रावण नकळत १२ टक्क्यांचे होते. एका बॅचचा दुसऱ्या बॅचशी मेळ बसत नाही, त्याचे निम्म्या वेळा कारण हेच असते.

द्रावण तयार झाले का हे पाहायला बीकर काळ्या पृष्ठभागासमोर धरा आणि बाजूने टॉर्च मारा. पांढरट रेषा तरंगताना दिसल्या तर अजून वेळ आहे. दिसल्या नाहीत तर स्टरर बंद करा आणि झाकून ६० अंशांवर तासभर स्वस्थ ठेवा. बुडबुडे वर येतात आणि फुटतात. ढवळत राहिलात तर उलट नवे तयार होतात.

आता ओतणे. दोन्ही हातांत उष्णतारोधक हातमोजे, बीकरला चिमटा, बाह्या मनगटापर्यंत खाली. ९ सेंटीमीटरच्या पेट्री डिशमध्ये ३ मिलिमीटर जाडीची शीट हवी असेल तर सुमारे १८ मिली लागते. मधोमध ओतू नका. डिशच्या भिंतीवरून, धार न तोडता सोडा. राहिलेला एखादा बुडबुडा गरम सुईच्या टोकाने फोडा. डिश सपाट आहे ना हे स्पिरिट लेव्हलने पाहा. डीप फ्रीजरमधला कप्पा बहुतेक वेळा किंचित कललेला असतो, म्हणून मी तिथे एक काचेची पट्टी कायमची सपाट बसवून ठेवली आहे. झाकणाच्या कडेला पॅराफिल्म गुंडाळा, नाहीतर फ्रीजरच्या कोरड्या हवेत कड वाळून चामड्यासारखी होते.

उणे २० अंशांवर १६ ते २० तास, मग खोलीच्या तापमानाला चार ते सहा तास. हे एक चक्र. अशी तीन ते पाच चक्रे. यात रसायन काहीच घालायचे नाही, म्हणूनच मला ही पद्धत शिकवायला आवडते. पाण्याचा बर्फ होताना पॉलिमरच्या साखळ्या उरलेल्या सांदीकोपऱ्यांत ढकलल्या जातात, तिथे दाटीवाटीने जवळ येतात आणि हायड्रोजन बंधांनी त्यांचे छोटे स्फटिक धरतात. ते स्फटिक म्हणजे जाळ्याच्या गाठी. जिथे बर्फ होता तिथे छिद्रे उरतात. प्रत्येक चक्रागणिक गाठी वाढतात, शीट घट्ट होते आणि काचेसारखी पारदर्शक होती ती दुधाळ होत जाते. वितळवताना घाई नको. सावकाश वितळताना गाठी आणखी पक्क्या होतात. गरम पाण्यात डिश तरंगवून वेळ वाचवलेली शीट हातात घेतली की लगेच ओळखू येते: बोटाखाली लिबलिबीत लागते आणि उचलताना लोंबते.

शेवटच्या चक्रानंतर डिश उलटी करून शीट तळहातावर घ्या. थंडगार, जड, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी दिसणारी. दुमडली तर भेग न पडता उलगडली पाहिजे. बोट दाबून सोडले तर खळगा लगेच भरून आला पाहिजे. या दोन गोष्टी कोणत्याही यंत्राआधी करून पाहा.

धुणे

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या पाहण्यातली सर्वांत जास्त फसलेली प्रयोगमाला याच पायरीवर फसली.

शीटमध्ये जे जाळ्यात अडकलेले नाही ते सगळे बाहेर येणार आहे: सुट्या साखळ्या, क्रॉसलिंकरचे (साखळ्या एकमेकींना बांधणाऱ्या रसायनाचे) अवशेष, मोनोमर (साखळीत न जोडले गेलेले सुटे रेणू). ते जखमेत यायच्या आत पाण्यात यायला हवे. पीव्हीएच्या शीटला मी तीन दिवस देते, दिवसातून दोनदा पाणी बदलून. ग्लुटाराल्डिहाइडने बांधलेल्या जिलेटिनच्या शीटला पाच दिवसही कमी पडू शकतात. आमच्याकडे एकदा अशीच एक शीट घाईने एका दिवसात धुऊन पेशींवर ठेवली. २४ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर शीटभोवती एकही चिकटलेली पेशी नव्हती, सगळ्या गोळा होऊन पोषक माध्यमात तरंगत होत्या. ‘हे जेल विषारी आहे’ असा निष्कर्ष लिहून झाला होता. त्याच शीटचा उरलेला तुकडा आधी ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये रात्रभर ठेवला, म्हणजे मोकळे अल्डिहाइड गट बुजतात, आणि मग पाच दिवस धुतला. त्याच्याभोवती पेशी खुशाल पसरल्या. जेल तेच होते. ग्लुटाराल्डिहाइडऐवजी जेनिपिन हे क्रॉसलिंकर वापरलेत तर विषारीपणा पुष्कळ कमी होतो, पण शीट गडद निळी पडते आणि तिच्याखालची जखम दिसत नाही. माझ्या मते ड्रेसिंगसाठी हा मोठा तोटा आहे.

किती भाग जाळ्यात टिकला हे मोजण्याची पद्धतही नीट समजून घ्या. बरेच जण शीट आधी वाळवतात, मग धुतात, मग पुन्हा वाळवतात. पीव्हीएच्या बाबतीत हे चुकते, कारण वाळतानाच नवे स्फटिक तयार होतात आणि आकडा फुगतो. मी ओल्या शीटचा तुकडा घेते. माझ्या वहीतले एक उदाहरण देते: ४.१२० ग्रॅम वजनाचा तुकडा १० टक्क्यांच्या शीटमधला, म्हणजे त्यात ०.४१२ ग्रॅम पीव्हीए होते. तीन दिवस धुऊन, वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ०.३७१ ग्रॅम भरला. ०.३७१ भागिले ०.४१२, म्हणजे ९० टक्के. उरलेले १० टक्के धुण्याच्या पाण्यात गेले. न धुता लावले असते तर ते जखमेत गेले असते.

फुगणे मोजताना

नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात मोजू नका. ड्रेसिंगच्या युरोपीय मानकात यासाठी एक द्रावण दिलेले आहे: एक लिटर पाण्यात ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. सोडियम आणि कॅल्शियमचे हे प्रमाण जखमेच्या स्रावाशी मिळतेजुळते आहे. पीव्हीएवर विद्युतभार नसल्यामुळे त्याला फारसा फरक पडत नाही, पण अल्जिनेट, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा पॉलिअ‍ॅक्रिलेट असेल तर शुद्ध पाण्यातला आकडा कितीतरी मोठा येतो. साखळ्यांवरचे ऋण भार एकमेकांना ढकलतात म्हणून जाळे ताणले जाते. क्षार आले की ते ढकलणे दबते आणि फुगणे एकदम उतरते. जखमेत क्षार असतातच.

द्रावण ३७ अंशांवर ठेवा. तुकडा बाहेर काढून भिजवलेल्या आणि निथळलेल्या फिल्टर पेपरवर एक बाजू दोन अंक मोजेपर्यंत, दुसरी बाजू दोन अंक मोजेपर्यंत टेकवा आणि लगेच वजन करा. कोरडा पेपर आतले पाणीही ओढतो. सगळी मापे एकाच व्यक्तीच्या हातची असू द्या, कारण टिपण्याचा हात माणसागणिक बदलतो. १० मिनिटे, अर्धा तास, १, २, ४, २४ आणि ४८ तास, एवढ्या वेळा पुरेत. २.०४ ग्रॅमचा तुकडा ४८ तासांत २.५५ ग्रॅम झाला तर तो २५ टक्के फुगला. हाच तुकडा आधी खडखडीत वाळवून मोजला असता तर आकडा काही शे टक्क्यांत गेला असता आणि तक्त्यात रुबाबदार दिसला असता. ड्रेसिंग जखमेवर ओलेच ठेवायचे असेल तर त्या आकड्याचा उपयोग काय? दोन्हींपैकी काय मोजले ते ठळक लिहा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

एक चाचणी मी आवर्जून घालते. शिरांच्या विकारामुळे पायावर होणाऱ्या जखमांवर घट्ट पट्टी बांधतात, तिचा दाब साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. ५ बाय ५ सेंटीमीटरच्या तुकड्यावर तेवढा दाब आणायला वर सुमारे १.३६ किलो वजन ठेवावे लागते. फुगलेल्या शीटवर सपाट काच ठेवून हे वजन द्या आणि पाच मिनिटांनी किती पाणी बाहेर पिळले गेले ते मोजा. नुसती फुगण्याची रेघ पाहून खूश झालेले अनेक जण इथे गप्प होतात.

वाफ किती जाते

धडधाकट त्वचेतून दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण २०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने जाते. भरत आलेल्या, लालसर दाणेदार ऊतीच्या उघड्या जखमेतून ५,००० ग्रॅमच्या आसपास. ड्रेसिंगने या दोघांच्या मधले काहीतरी साधायचे असते. २,००० ते २,५०० ग्रॅम हे लक्ष्य बहुतेक जण धरतात. मोजायला रुंद तोंडाची बाटली पुरते. तोंडाचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटीमीटर, आत पाणी, तोंडावर शीट घट्ट बसवलेली, ३७ अंशांवर ठरावीक आर्द्रतेत २४ तास. वजन २.३ ग्रॅमने घटले तर दर २,३०० ग्रॅम.

यात एक फसगत आहे. शीट स्वतःच पाण्याची आहे, त्यामुळे पहिल्या काही तासांत ती स्वतःचे पाणी गमावते आणि तो आकडा बाटलीच्या नावावर जमा होतो. शेवटी शीट बाटलीवरून उतरवून वेगळी तोला. उघडी शीट दिवसभरात आक्रसून कडक होते, हे तेव्हा दिसेल. म्हणूनच विकत मिळणाऱ्या अनेक हायड्रोजेल शीटच्या पाठीला पॉलियुरेथेनची पातळ फिल्म असते.

कोणती जखम, कोणते जेल

ही गोष्ट थोडक्यात, पण ती न समजता बनवलेले जेल कितीही सुंदर असले तरी कपाटातच राहते. कोरडी, काळपट मेलेल्या ऊतीची किंवा अगदी कमी स्राव असलेली जखम असेल तर पाणी देणारे हायड्रोजेल हवे. भळाभळा स्राव असेल तर तेच जेल कडेची चांगली कातडी पांढरी, सुरकुतलेली आणि हुळहुळी करून टाकते. तिथे अल्जिनेटसारखे शोषणारे काहीतरी हवे. अल्जिनेटमधले कॅल्शियम स्रावातल्या सोडियमशी अदलाबदल करते आणि तंतू भिजून मऊ जेल होतात. हेच अल्जिनेट प्रयोगशाळेत फॉस्फेट बफरमध्ये ठेवले तर कॅल्शियम निघून जाते आणि चांगली धरलेली शीट दोन दिवसांत विस्कटते, हे लक्षात असू द्या. अल्जिनेटची एकसारखी शीट हवी असेल तर कॅल्शियम क्लोराइडमध्ये बुडवू नका, त्याने वरच्यावर कवच धरते आणि आत पातळ राहते. कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी मिसळा आणि दर एका मोलमागे दोन मोल ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन घाला. ते सावकाश आम्ल होत जाते, कॅल्शियम आतल्या आत सुटते आणि शीट सगळीकडे सारखी धरते.

निर्जंतुकीकरणाचा विचार शेवटी करू नका. गोठवून केलेली पीव्हीएची शीट ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर घातली तर बाहेर पातळ द्रावण मिळेल, कारण गाठी म्हणजे स्फटिक आणि ते वितळतात. पोलंडमध्ये यानुश रोसिआक यांनी १९८० च्या दशकात यावर देखणा तोडगा काढला: पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, पॉलिइथिलीन ग्लायकोल आणि अगर यांचे मिश्रण साच्यात ओतायचे, पाकीट सीलबंद करायचे आणि मग किरणोत्साराखालून न्यायचे. सुमारे २५ किलोग्रेच्या एकाच मात्रेत जाळेही बांधले जाते आणि शीट निर्जंतुकही होते. बाहेरचे क्रॉसलिंकर नाही, आणि पाकीट पुन्हा उघडावे लागत नाही. या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी कल्पना हीच.

आता चिकटवायचे आहे

पीव्हीएवर फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेत कोलॅजेन विणणाऱ्या पेशी टाका. दुसऱ्या दिवशी त्या गोलच असतील, डिश हलवली की घरंगळतील. त्या पृष्ठभागावर प्रथिने बसत नाहीत, म्हणून पेशींना पकडायला काही नसते. ड्रेसिंगचा जो गुण, तोच इथे अडसर. म्हणून त्वचेसाठी पाया करताना जिलेटिन किंवा कोलॅजेनकडे वळतात. त्यांच्या साखळीत पेशी ओळखतील अशा जागा मुळातच असतात, आणि पेशींची विकरे त्या साखळ्या कापूही शकतात. कापता येणे महत्त्वाचे आहे. जेलच्या जाळ्याची भोके नॅनोमीटरची, पेशी १० ते २० मायक्रोमीटरची. वाट कापल्याशिवाय तिला हलता येणार नाही.

नुसते जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळते, म्हणून त्याला मेथाक्रिलॉइल गट जोडून प्रकाशाने बांधतात. तयार पावडर मिळते. पहिल्यांदा तीच घ्या, स्वतः बनवायची तर आठवडाभर डायलिसिस करत बसावे लागते. ५ टक्के द्रावण, त्यात ०.२५ टक्के एलएपी हा फोटोइनिशिएटर (प्रकाश पडला की जाळे बांधायला सुरुवात करणारा पदार्थ), दर मिलीमागे १० लाख पेशी, आणि ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा प्रकाश ३० ते ६० सेकंद. हवेतला ऑक्सिजन ही क्रिया अडवतो, त्यामुळे वरचा थर चिकट राहिला तर प्रकाश वाढवण्याआधी वरून काचेची कव्हरस्लिप ठेवून पाहा. प्रकाश आणि इनिशिएटर दोन्ही पेशींना भोवतात, वाढवत नेणे हा उपाय नव्हे. ५ टक्क्यांच्या मऊ जेलमध्ये काही दिवसांत पेशी चात्यांसारख्या लांबट होऊन एकमेकींना भिडतात. १० ते १५ टक्क्यांच्या घट्ट जेलमध्ये त्या बराच काळ गोलच राहतात, जिवंत पण अडकलेल्या. आणि जाडी आवरा: रक्तवाहिनी नसलेल्या थरात पोषक माध्यमापासून १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे पेशींना ऑक्सिजन पुरेनासा होतो.

दोन थरांची त्वचा उभी करायची असेल तर मी अजून कोलॅजेनच वापरते. बर्फावर ठेवलेल्या आम्लधर्मी कोलॅजेनमध्ये फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) असलेले दहापट तीव्रतेचे माध्यम मिसळा. रंग पिवळा होईल. मग गार सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने. प्रत्येक थेंबाजवळ गुलाबी ढग उमटतो आणि हलवला की विरतो. एका क्षणी तो विरत नाही, सगळे फिकट नारिंगी-गुलाबी होते. तिथे थांबा. एक थेंब पुढे गेला की भडक जांभळट गुलाबी होते, त्यात पेशी वाचत नाहीत. लगेच फायब्रोब्लास्ट मिसळून ओता आणि ३७ अंशांवर अर्धा तास हलवू नका. पुढच्या काही दिवसांत पेशी जाळे खेचतात आणि चकती कडेपासून सुटून लहान होते. यूजीन बेल यांनी १९७९ मध्ये हेच आक्रसणे दाखवून त्यातून त्वचेसारखी ऊत घडवण्याची वाट उघडली. त्या आधी १९७५ साली जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या केराटिनोसाइट (बाह्यत्वचेच्या) पेशी, विभाजन थांबवलेल्या उंदीर-पेशींच्या थरावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवून दाखवल्या होत्या. पुढे इओआनिस यानास आणि जॉन बर्क यांनी कोलॅजेन आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचा सच्छिद्र पाया, वर सिलिकोनचा थर, असा भाजलेल्या रुग्णांसाठीचा साचा दिला. त्याला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. यांतल्या कशालाही घामाच्या ग्रंथी किंवा केसांची मुळे नसतात. ते काम अजून उरलेच आहे.

आक्रसणे थांबल्यावर केराटिनोसाइट वर पेरा. आधीच्या माध्यमात कॅल्शियम कमी असावे, ०.१ मिलिमोलरच्या खाली, म्हणजे पेशी विभागत राहतात. थर सलग झाला की कॅल्शियम १.२ ते १.८ मिलिमोलरपर्यंत वाढवा आणि चकती उचलून अशी ठेवा की खालून माध्यम, वर हवा. दोन आठवडे. रोज सकाळी वरची बाजू पाहा: ओलसर चकाकी राहिली तर माध्यम वर चढते आहे, पातळी उतरवा. मंद, मेणचट दिसू लागली की ठीक चालले आहे.

कोणतीही शीट पेशींवर नेण्याआधी आयएसओ १०९९३-५ या पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे तिचा अर्क काढून तपासा. ३७ अंशांवर २४ तास माध्यमात ठेवायची, तो अर्क पेशींना द्यायचा. तुलनेतल्या पेशींच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी जिवंत राहिल्या तर ती शीट पेशींना घातक धरली जाते. तसे झाले तर आधी धुण्याच्या नोंदी उघडा, पॉलिमर मागाहून बदला.

शेवटी छेद घेताना नेहमीच्या पॅराफिनच्या वाटेने गेलात तर अल्कोहोलमध्ये जेल पाणी सोडून आक्रसते आणि थर सुटतात. तुकडा ३० टक्के साखरेच्या द्रावणात रात्रभर बुडवा, तळाला बसला की गोठवण्याच्या माध्यमात बसवा आणि क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या तुकड्याचे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) १० ते २० मायक्रोमीटरचे छेद काढा. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवल्यावर खाली गुलाबी कोलॅजेनमध्ये विखुरलेले लांबट फायब्रोब्लास्ट, त्यांच्यावर उभट पेशींची गडद जांभळी रांग, वर जाताना चपट्या होत गेलेल्या पेशी आणि सर्वांत वर केंद्रक नसलेला गुलाबी, पापुद्र्यांचा थर दिसायला हवा. त्या वरच्या पापुद्र्यांत जांभळे ठिपके अजून दिसत असतील तर पुढच्या चकत्या हवेवर आणखी तीन-चार दिवस ठेवा.